पगारे काकांची डबी

पगारे काकांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर असायचं आणि चष्मा मात्र कायम नाकावर. घरात मग काय ठेवलंय, हे नवख्या माणसाला कळायचं नाही. त्यात एक निळी डबी असायची, काडेपेटीपेक्षा जरा मोठी, एका बाजूला बारीक पिना असलेली. गाडीच्या स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर एक सॉकेट असतं. तिथे ही डबी खोचायची, फोनवर ॲप उघडायचं, की इंजिन आपल्या पोटातलं सगळं सांगायला लागायचं. पाणी किती तापलंय, वेग किती, एक्सिलरेटर किती दाबलाय, बॅटरीत दम किती उरलाय. डॉक्टर निदान बोलावल्यावर तरी येतात. काका न बोलावता यायचे.

आमची कॉलनी नाशिकला, पाथर्डी फाट्याच्या जरा आत. शिक्षक, कारकून, कारखान्यातले लोक, सगळे हप्त्यावर गाडी घेणारे. काका बस आगाराच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर कानाने इंजिन ओळखलं आणि त्याच वर्कशॉपच्या आवाजाने कान अर्धे नेले. निवृत्त होईपर्यंत डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येईनासं झालं होतं. "आता बघून ऐकतो, मॅडम," असं ते म्हणायचे. मी शाळेत मराठी शिकवते. हे वाक्य कुणा पोराने निबंधात लिहिलं असतं तर मी खाली रेघ मारली असती. काकांच्या तोंडी मात्र ती साधी माहिती होती.

माझी त्यांची ओळख माझ्या जुन्या गाडीमुळे झाली. गाडी तापायची. गॅरेजवाल्याने इंजिन उतरवावं लागेल असं सांगितलं होतं आणि मी पार्किंगमध्ये उभी राहून त्याचा उद्धार करत होते. काका शेजारच्या जिन्यावर बसले होते. म्हणाले, "आकडा बघितल्याशिवाय शिवी देऊ नका." मग उठले, दार उघडलं, डबी खोचली आणि गाडीला म्हणाले, "बोला, काय होतंय?" गाडीला ते अहोजाहो करायचे. पोटच्या पोराला अरे आणि माझ्या खटाऱ्याला अहो.

आम्ही त्र्यंबक रोडला जाऊन आलो. मी चालवत होते, ते फोनकडे बघत होते. तासाभरात तीनच वाक्यं बोलले असतील. परत आल्यावर म्हणाले, "पंप ठीक आहे. पाणी सोडणारी झडप अडकते. इंजिनाला हात लावू देऊ नका." झडप बदलली, गाडी शांत झाली. मी पेढे घेऊन गेले तर सुमनकाकूंनी ठेवून घेतले आणि म्हणाल्या, "त्यांना देऊ नका, शुगर आहे. गाडीचं टेंपरेचर तोंडपाठ, स्वतःची शुगर विचारा, सांगता येणार नाही." काकूंचं असं चालायचं. नवऱ्याला नावं ठेवायच्या आणि त्याच दमात त्याच्यासाठी भाकरीवर तूप सोडायच्या.

माणूस कसा होता हे सांगायला एक गोष्ट पुरेल. काकूंचा भाऊ, प्रकाशमामा, कळवणहून गाडी घेऊन आला होता. गाडी विकायची होती, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं आणि समोरच्या काचेखाली पिवळा दिवा पेटलेला. इंजिनात काही बिघाड असला की तो पेटतो. काकांच्या डबीने तो एका बटणावर घालवता यायचा, म्हणजे बिघाड तसाच, दिवा तेवढा गेला. बाजारात सगळे तेच करतात. मामाने अगदी सहज सांगितलं, "दाजी, तेवढा दिवा घालवून द्या."

"दिवा मी घालवत नाही," काका म्हणाले. "बिघाड काढतो. मग तो आपला जातो."

"आहो, उद्या गिऱ्हाईक येतंय."

"मग त्याला दाखव दिवा."

मामा आधी हसला, मग चिडला, मग जेवायचं ताट सोडून उठला. काकू दारात उभ्या राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. मामा दोन वर्षं या घरात आला नाही. भावाला ओवाळायला काकू कळवणला जायच्या, काका त्यांना बसस्टँडवर सोडून परत यायचे. मी एकदा म्हटलं, "काका, एवढं काय हो, घरचा माणूस होता." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी वर्गात उत्तर चुकल्यासारखी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही यायचा. इतका सरळ माणूस शेजारी असला की आपण उगाच वाकडे वाटायला लागतो.

त्यांचा मुलगा अनिकेत चोवीस वर्षांचा, हायवेवरच्या गोंदे गावात एका कारखान्यात इंजिनिअर. उंच, हसरा, आईचा लाडका. त्याला नोकरी लागल्यावर काकांनी त्याला स्वतःची गाडी दिली ती एका अटीवर. डबी गाडीत लावलेली राहील, फोन स्टँडवर राहील आणि ॲप प्रत्येक प्रवासाची नोंद ठेवेल. अजून एक होतं. वेग ऐंशीच्या वर गेला की फोनमधून कर्कश आवाज यायचा आणि पाय हलका केल्याशिवाय तो थांबायचा नाही.

संध्याकाळी पोरगा घरी आला की काका फोन घेऊन बसायचे. "विल्होळीला एवढ्या जोरात ब्रेक का मारलास?" "आज थंड इंजिनावरच पळवलंस." अनिकेत शूज काढता काढता म्हणायचा, "बाबा, नोकरी मी करतो की गाडी?" आम्ही हसायचो. पुढे पुढे तो हसेनासा झाला. गाडीत मित्र बसले की आवाज व्हायचा आणि मित्र त्याला चिडवायचे. एका रविवारी मी चहाला गेले होते, तेव्हा त्याने आईसमोर विषय काढला. काकू म्हणाल्या, "पोराला जरा श्वास घेऊ द्या. लगीन व्हायचं वय झालं त्याचं." काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात होतं की मी तरी त्यांची बाजू घेईन.

मी म्हटलं, "काका, चोवीस वर्षांचा आहे तो. विश्वास ठेवा की."

काकांनी अनिकेतचा फोन मागून घेतला. चष्मा वर केला, बोटाने कुठेतरी दाबलं आणि फोन परत दिला. "आवाज बंद केला. नोंद चालू राहील." अनिकेतने त्यांच्या पाठीवर थाप मारली. काकूंनी मला अजून अर्धा कप चहा दिला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी अनिकेत गेला. इगतपुरीला मित्राचा साखरपुडा होता, निघायला उशीर झाला होता. घोटीच्या अलीकडे, दुभाजक जिथे तुटलाय, तिथे तांदळाची पोती भरलेला एक टेम्पो रस्ता ओलांडून वळत होता. गाडी त्याच्या मागच्या चाकावर आदळली. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन होतं, रस्ता कोरडा होता.

टेम्पोचा ड्रायव्हर जवळच्याच गावातला, लहानू नावाचा. त्याला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं आणि लोकांच्या लेखी तोच त्याचा पहिला गुन्हा होता. निष्काळजीपणाने वळून एकाचा जीव घेतला म्हणून त्याच्यावर केस झाली. अनिकेतच्या जलदान विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. दोन वर्षांनी प्रकाशमामाही आला होता. भन्तेजी गेले, जेवणं झाली आणि जो तो लहानूला शिव्या घालू लागला. पिऊन असेल, लायसन नसेल, असल्यांना फाशी द्यायला पाहिजे. काका भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी कुणालाच दुजोरा दिला नाही. मला वाटलं, ऐकू येत नसेल.

तपासाला असलेले हवालदार त्या दिवशी भेटायला आले होते. त्यांनी अनिकेतचं सामान परत दिलं. घड्याळ, पाकीट, काच तडकलेला फोन. जाता जाता सहज सांगितलं, "तो टेम्पोवाला सारखं एकच बोलतो. म्हणतो, म्या बघूनच वळलो व्हतो, गाडी लय लांब व्हती. आता लांब होती तर आदळली कशी? सगळे असंच बोलतात."

काकांनी मान वर केली. "काय म्हणाला तो?"

हवालदारांनी पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. काकांनी सामानातून फोन उचलला आणि आतल्या खोलीत गेले.

दोन दिवसांनी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. दाढी वाढलेली, अंगात तोच शर्ट. "मॅडम, तुमच्याकडे प्रिंटर आहे ना?" अनिकेतच्या फोनमधल्या नोंदींची फाईल त्यांनी मला पाठवली, मी ती उघडली. आकड्यांच्या ओळीच ओळी. दर सेकंदाला एक ओळ, वेळ, वेग, एक्सिलरेटर, पाण्याचं तापमान. माझ्या हाती आलेल्या शेवटच्या पानावर वेगाच्या रकान्यात एकशे बावीस, एकशे पंचवीस, एकशे सत्तावीस असं काहीतरी होतं आणि तिथे पान संपलं. मी ते पान हातात धरून उभी होते, तोवर राहिलेले कागद काकांनी प्रिंटरमधून काढून घेतले.

"आज शाळेला सुट्टी आहे का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "मला त्या जागेवर न्या."

मी नेलं. तिथे अजून तांदूळ सांडलेला होता, मातीत मिसळलेला. काका दुभाजकाच्या फटीपाशी उभे राहिले आणि नाशिकच्या दिशेने बघत राहिले. तिकडे एक छोटा पूल आहे, त्याच्यापलीकडचं काही दिसत नाही. मग भरलेले टेम्पो त्या फटीतून वळायला किती वेळ घेतात, हे ते घड्याळात बघत बसले. चार-पाच टेम्पो बघितले. अकरा सेकंद, कधी बारा. मग मला म्हणाले, "आता मागे जाऊन पुलापासून या फटीपर्यंत गाडी बरोबर ऐंशीने आणा." ते शेजारी बसले. मी ऐंशीचा काटा धरून आले. चौदा सेकंद लागले. पुन्हा एकदा आणायला लावलं. पुन्हा चौदाच.

"एकशे सत्तावीसने नऊसुद्धा लागत नाहीत," काका म्हणाले. "लहानूने बघितलं तेव्हा गाडी पुलावर होती. लांबच होती ती. तो खरं बोलतोय." थोड्या वेळाने म्हणाले, "ऐंशीने आला असता तर टेम्पो निघून गेला असता."

मी गाडी बाजूला घेतली. त्या रविवारचा चहा दोघांनाही आठवत होता, हे न सांगता कळत होतं. शेवटी काकाच बोलले, "आवाज मी बंद केला."

"मी करायला लावला," मी म्हटलं.

"बोट माझं होतं, मॅडम."

परत येताना मी जे बोलले ते लपवणार नाही. मी म्हटलं, "काका, ही फाईल पुसून टाका. पोलिसांनी बघितलेली नाही. कुणाला माहीतही नाही." मुलांना मी मूल्यशिक्षणाचा तास घेते आणि त्या दिवशी मी हे बोलले. आजही त्याच जागी असते तर कदाचित हेच बोलले असते.

काका म्हणाले, "अनिकेतचं व्हायचं ते होऊन गेलं. त्या माणसाचं अजून व्हायचंय."

घरी त्यांनी काकूंना सांगितलं तेव्हा मी जिन्यात होते. दार उघडंच होतं. काकू म्हणाल्या, "म्हणजे लोकं म्हणणार, पोरगा स्वतःच्या मस्तीनं मेला."

"लोकं काय म्हणतील ते म्हणू दे, सुमन."

"मी बी म्हणू दे? आहो, एकदा मेला तो. तुम्ही दुसऱ्यांदा मारू नका." मग काकूंचा आवाज पुन्हा आला, अगदी हळू. "मला काही बी नको. नुकसानभरपाई नको, त्याला शिक्षा नको. फक्त माझ्या पोराचं नाव तेवढं राहू द्या."

हा माणूस हट्टी आहे, दगड आहे, असं मला त्या वेळी वाटलं. पण दगडाला रात्रंदिवस जागं राहावं लागत नाही. पुढचे आठ दिवस काका पार्किंगमध्ये नुसते उभे असायचे. कुणी गाडी दाखवायला आलं तर हात जोडायचे. नवव्या दिवशी तो फोन आणि माझ्या प्रिंटरवर छापलेले कागद घेऊन ते बसने पोलीस ठाण्यात गेले. अनिकेतच्या नोंदी त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "माझ्या मुलाची चूक आहे. टेम्पोवाल्याचं बरोबर आहे." साहेबांनी त्यांना पाणी दिलं आणि समजावलं, घरी जा, विचार करा, तुमचं मन ठिकाणावर नाही. काकांनी पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही.

दुसऱ्याच दिवशी प्रकाशमामा गाडी घेऊन आला आणि काकूंना कळवणला घेऊन गेला. काकूंनी दोन पिशव्या घेतल्या. अनिकेतचा फोटो भिंतीवरून काढून पदरात गुंडाळला. काका पिशवी उचलायला पुढे झाले तर त्यांनी ती मागे घेतली. मामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आकडे सांभाळा म्हणावं आता." काका गाडी वळेपर्यंत गेटपाशी उभे होते.

कॉलनीनेही काही कमी केलं नाही. काही जण त्यांच्याशी बोलेनासे झाले, तर काही जण कौतुक करायला यायचे. काकांना कौतुक करणाऱ्यांचाच जास्त त्रास व्हायचा. एकाने तर त्यांना धर्मराज म्हटलं. काकांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. माझ्याकडे ते कधी कधी भाजी द्यायला यायचे, उंबऱ्यावरूनच परत जायचे. आत यायला सांगितलं तर म्हणायचे, "नको, चहा नको." चहाचं मी काही म्हटलेलंच नसायचं.

केस उभी राहायला पावसाळा गेला आणि हिवाळाही संपत आला. फाईल असली तरी लहानूला कोर्टातून सुटायचं होतं आणि त्याच्या वकिलाने काकांना साक्षीला बोलावलं होतं. मेलेल्या मुलाचा बाप आरोपीच्या बाजूने उभा राहणार, म्हणून त्या दिवशी कोर्टात बसायला जागा नव्हती. लहानू पुढे सुटला, हे आत्ताच सांगून टाकते. काका त्यानंतर घर बंद करून मनमाडला पुतण्याकडे राहायला गेले आणि माझी त्यांची पुन्हा भेट झाली नाही. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं त्या कोर्टात.

लहानूला मी पहिल्यांदाच पाहत होते. बारका, पन्नाशीचा माणूस, इस्त्री केलेला शर्ट घातलेला. काका साक्षीला उभे राहिले तेव्हा त्याने हात जोडले आणि ते खाली घ्यायचं त्याला सुचलंच नाही. मागच्या बाकावर प्रकाशमामा होता आणि त्याच्या शेजारी काकू. त्या येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

वकिलांनी शेवटचं अर्धं मिनिट वाचून दाखवायला सांगितलं. काका वाचू लागले. वेळ, वेग, एक्सिलरेटर. वेळ, वेग, एक्सिलरेटर. आवाज एकसारखा. एकशे अठरा. एकशे बावीस. एकशे पंचवीस. एकशे सत्तावीसवर आले तेव्हा न्यायाधीश म्हणाले, "पुरे. नोंद झाली."

"अजून दोन ओळी आहेत, साहेब," काका म्हणाले.

त्या दोन ओळी मला माहीत नव्हत्या. मी छापलेलं पान एकशे सत्तावीसवर संपत होतं. पुढचं पान त्यांनी माझ्या हाती लागू दिलं नव्हतं.

"एकशे एकोणीस. एक्सिलरेटर शून्य," काकांनी वाचलं. "त्र्याण्णव. एक्सिलरेटर शून्य. पुढे नोंद नाही."

"याचा अर्थ काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"त्याने पाय काढला होता, साहेब. ब्रेकवर ठेवला होता. त्याला टेम्पो दिसला होता."

तेवढ्यात मागून काकू उठून उभ्या राहिल्या. मामाने त्यांचा हात ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला. कोर्टात असं मधेच बोलायचं नसतं हे त्यांना माहीत असेल किंवा नसेल. इतक्या महिन्यांत नवऱ्याशी त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं. "त्याला समजलं तवापासून, किती वेळ?"

शिपाई पुढे झाला, पण न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. काकांनी हातातल्या कागदाकडे पुन्हा एकदा पाहिलं, दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं आणि मग काकूंकडे बघून म्हणाले, "दोन सेकंद, सुमन."

काकू उभ्याच राहिल्या आणि काकाही कागद हातात धरून तसेच उभे राहिले.